पाव बेकरीतून आणायचा की दारावर येणाऱ्या पोदेराची, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याची, वाट बघायची?

एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फायली पाठवण्याची पद्धत, तुम्हाला येतं असं धरून चालतो. टीएफटीपी म्हणजे त्याचं पाप्याचं पितर: लॉगिन नाही, पासवर्ड नाही, फायलींची यादी नाही, आणि २१ ऐवजी यूडीपीचं ६९ नंबरचं पोर्ट. या फरकात कोणी अडकत नाही.

लोक अडकतात ते सर्व्हर (वाट बघत बसणारा) कोण आणि क्लायंट (स्वतःहून निघणारा) कोण, यात. जूनमध्ये पहिल्या गडगडाटाला, अपडेट चालू असतानाच लाईट जाते आणि मेलेले राउटर डिचोलीला माझ्या टेबलावर येतात. बहुतेकांच्या मालकांनी आधी घरी टीएफटीपीने फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) परत भरायचा प्रयत्न केलेला असतो, आणि तो उलट्या दिशेने.

काही राउटर पोदेराची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखे. नेटगिअरची बरीच मॉडेलं यातली. रिसेट दाबून धरा, पॉवरचा दिवा लुकलुकू लागला की राउटर १९२.१६८.१.१ वर दार उघडून बसतो. तुम्ही क्लायंट, फाइल 'पुट' करून दारात टाकायची, तीही बायनरी मोडमध्येच, म्हणजे काही न बदलता जशीच्या तशी. इथे लॅपटॉपवर सर्व्हर लावून बसलात तर दोघेही एकमेकांची वाट बघत राहणार.

दुसरे स्वतःच बेकरीत येतात. टीपी-लिंकचा आर्चर सी७ घ्या. रिसेट दाबून चालू केला की तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर फाइल मागायला निघतो. म्हणजे सर्व्हर तुम्ही, आणि तो पत्ता लॅपटॉपला हाताने द्यायचा. फाइलचं नावही ठरलेलं, शेवटी 'टीपी_रिकव्हरी.बिन' असलेलं. त्याने उंडो (पावाचाच एक प्रकार) मागितला आणि तुम्ही पाव मांडून ठेवलात, तर तो रिकाम्या हाताने परत जातो. शिवाय तो थांबतो मोजके सेकंद. केबल थेट जोडली असेल तर राउटर चालू होताना लॅपटॉपचं केबलचं पोर्ट बंद-चालू होतं आणि तेवढ्यात तो येऊन गेलेला असतो. म्हणून मी मध्ये जुना पाच पोर्टांचा नेटवर्क स्विच ठेवतोच. विंडोजची फायरवॉलही तेवढ्यापुरती बंद करतो. वायफायवरून हे करू बघणाऱ्यांना काय म्हणावं? त्या क्षणी राउटरचं वायफाय जागंच झालेलं नसतं.

कोणता प्रकार ते कळत नसेल तर व्हिडिओ बघू नका, वायरशार्क लावा, केबलवरून काय बोलणं चाललंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर. राउटर "१९२.१६८.०.६६ कोणाचा?" असं ओरडत असेल तर तो बेकरीत येणारा. फाइलचं नाव टीएफटीपीडी६४ या विंडोजवरच्या टीएफटीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं. तेच जसंच्या तसं द्यायचं.

कॉन्फिगला, म्हणजे राउटरच्या सेटिंगची फाइल जपून ठेवायला, हा घोळ नाही. सिस्कोवर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी' दिलं की राउटरच क्लायंट. फक्त लिनक्सचा टीएफटीपी सर्व्हर सहसा नवी फाइल तयार करू देत नाही. त्या नावाची रिकामी फाइल आधी करून तिला सगळ्यांना लिहिण्याची परवानगी द्यायची. आणि काम झालं की सर्व्हर बंद करा. त्या कॉन्फिगमध्ये तुमचे पासवर्ड असतात, आणि दाराला कडी नाही.