विनोदी रहस्यमालिका

विनोदी रहस्यमालिका : गुन्ह्याचा तपास आणि विनोद एकाच कथानकात गुंफणारा दूरचित्रवाणी मालिकांचा प्रकार. साधारणपणे प्रत्येक भागात एक खून होतो, कोणीतरी विक्षिप्त माणूस त्याचा तपास हाती घेतो आणि भाग संपायच्या आत खुनी सापडतो. मधला बराचसा वेळ प्रेक्षक हसत असतो. अमेरिकेतील ‘कोलंबो’, ‘मर्डर, शी रोट’, ‘मंक’ व ‘साइक’, ब्रिटनमधील ‘जोनाथन क्रीक’ व ‘डेथ इन पॅराडाइज’, जपानमधील ‘फुरुहाता निन्झाबुरो’ व ‘ट्रिक’ आणि आपल्याकडे दूरदर्शनवर गाजलेली ‘करमचंद’ ही या प्रकाराची ठळक उदाहरणे आहेत.

पोलिसी मालिकेत अधूनमधून एखादा वेंधळा हवालदार डोकावला म्हणून ती या प्रकारात बसत नाही. त्यासाठी एक सोपी कसोटी लावता येते. मालिकेतला विनोद काढून टाकला तर कोडे उभे राहते का, आणि कोडे काढून टाकले तर विनोद उभा राहतो का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आले, तरच ती खरी विनोदी रहस्यमालिका. या कसोटीवर अनेक नामांकित मालिकांचे अनेक भाग नापास होतात. जे उतरतात ते वर्षानुवर्षे पाहिले जातात.

विनोदामुळे खुनासारखा विषय हलका होतो आणि घरातल्या लहानथोरांना एकत्र बसून मालिका पाहता येते, असे या प्रकाराच्या लोकप्रियतेचे कारण नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. या मालिकांत विनोद रहस्याचेच काम करतो. दुवा लपवायला हशाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

समजा, एका बंगल्यातल्या अभ्यासिकेत मालकाचा खून झाला आहे. त्याचा भागीदार तिथे उभा आहे. ‘मी या खोलीत आज पहिल्यांदाच पाऊल ठेवतोय,’ असे त्याने नुकतेच सांगितले आहे. तपास करणारा अधिकारी टिपण घ्यायला निघतो, तर त्याला पेन सापडत नाही. तो एकेक खिसा चाचपतो. एकातून बसचे जुने तिकीट निघते, दुसऱ्यातून किराणा सामानाची यादी, तिसऱ्यातून शेंगदाण्यांची पुडी. ती फुटते आणि दाणे गालिच्यावर घरंगळतात. अधिकारी ओशाळून गुडघ्यांवर बसतो आणि दाणे वेचू लागतो. भागीदार वैतागतो, टेबलाचा डावीकडचा दुसरा खण ओढतो आणि पेन काढून त्याच्या हातात देतो. प्रेक्षक हसतो तो दाण्यांना. शेवटच्या पाच मिनिटांत अधिकारी विचारतो, पहिल्यांदा आलेल्या माणसाला पेन नेमके कुठल्या खणात आहे हे कसे ठाऊक?

दुवा चांगला मोठा होता, भर उजेडात होता, पडद्याच्या मध्यभागी होता. तरी तो निसटला, कारण हसून झाले की प्रसंग मनातल्या मनात मिटला जातो. हे दृश्य विनोदासाठी होते, ते झाले, आता पुढे, असा हिशेब आपण नकळत करतो. गंभीर रहस्यमालिकेत ही सोय नसते. तिथे कॅमेरा खणावर क्षणभर जरी रेंगाळला तरी जाणकार प्रेक्षक सावध होतो. जादूगार एका हाताने रुमाल फडकवतो आणि दुसऱ्या हाताने पत्ता सरकवतो, तसेच हे आहे. १९९७ साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘जोनाथन क्रीक’चा नायक जादूचे प्रयोग रचून देणारा कारागीर आहे आणि २००० साली जपानमध्ये आलेल्या ‘ट्रिक’ची नायिका स्वतः जादूगार आहे. दोन देशांतल्या लेखकांना गुन्हा उकलण्यासाठी जादूच्या धंद्यातले माणूस घ्यावेसे वाटले, यावरून हे नाते किती जवळचे आहे ते कळते.

विनोद आणि रहस्य यांची घडणही सारखी आहे. दोन्हींत ऐकणाऱ्याला एका वाटेने नेले जाते आणि ऐन वेळी दुसरी वाट दाखवली जाते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली हसण्याची व्याख्या ‘ताणलेल्या अपेक्षेचे एकाएकी शून्यात होणारे रूपांतर’ अशा अर्थाने केली. रहस्यकथेत हीच ताणलेली अपेक्षा शून्यात न जाता उत्तरात जाते. लेखक आर्थर कोसलर याने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात विनोद आणि शोध यांच्या मुळाशी एकच क्रिया मानली : एरवी एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन चौकटींत एकच गोष्ट एकदम दिसणे. तो झटका विनोदात ‘हाहा’ होऊन बाहेर पडतो आणि शोधात ‘अहा’ होऊन. वरच्या उदाहरणात पेन हे आधी ‘हाहा’च्या चौकटीत होते, नंतर ते ‘अहा’च्या चौकटीत आले. दोन्ही आनंद एकाच वस्तूतून मिळाले, आणि या प्रकाराच्या गोडीचे मूळ त्यातच आहे.

या तंत्राचा सर्वांत सफाईदार वापर ‘कोलंबो’मध्ये आढळतो. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने निर्माण केलेले हे पात्र पीटर फॉक या नटाने १९६८ सालच्या दूरचित्रवाणीपटात प्रथम साकारले. नियमित मालिका १९७१ साली सुरू झाली आणि खंड पडत पडत शेवटचा भाग २००३ साली आला. सगळे मिळून ६९ भाग. चुरगळलेला रेनकोट, विझत आलेला सिगार, खडखडणारी जुनी प्यूजो गाडी आणि ‘डॉग’ एवढेच नाव असलेला सुस्त कुत्रा हा या पोलीस लेफ्टनंटचा सरंजाम. तो आपल्या बायकोविषयी सतत बोलतो. ती या मालिकेत कधीच दिसत नाही. खून कोणी केला हे प्रेक्षकाला पहिल्या वीसेक मिनिटांतच दाखवले जाते. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ सालच्या कथासंग्रहात रूढ केलेली ही उलटी रचना आहे. त्यामुळे ‘खुनी कोण’ हा प्रश्न उरतच नाही आणि सगळे लक्ष दोन माणसांच्या झटापटीवर एकवटते.

खुनी बहुधा श्रीमंत, सुशिक्षित, नावाजलेला असतो : शल्यविशारद, वाद्यवृंदाचा संचालक, लेखक. समोर हा गबाळा माणूस उभा. खुन्याला आधी त्याची गंमत वाटते, आणि आपणही खुन्याच्या बाजूने त्याला हसतो. तो नमस्कार-चमत्कार करून निघतो, दारापर्यंत जातो, कपाळावर हात ठेवून वळतो आणि म्हणतो, ‘जाता जाता एकच विचारतो.’ त्या एका प्रश्नात सापळा असतो. हा दूरचित्रवाणीपट ज्यावर बेतला होता ते मूळ नाटक लिहिताना एक प्रवेश लांबीला कमी पडला आणि पाने पुन्हा टंकलिखित करण्याचा कंटाळा आला म्हणून लेखकांनी गेलेल्या कोलंबोला परत बोलावले, असे सांगतात. दर भागात हळूहळू हशाची बाजू पालटते. ज्याला हसत होतो त्याच्या बाजूला आपण जाऊन बसतो, आणि खुन्याच्या चेहऱ्यावरचे हसू उतरताना पाहतो. सत्ता आणि पैसा असलेल्याची घमेंड साध्या माणसापुढे उतरते याचे समाधान निव्वळ कोडे सुटण्याच्या समाधानापेक्षा पुष्कळ मोठे असते. फुरुहाता निन्झाबुरो हा १९९४ साली जपानी प्रेक्षकांसमोर आलेला, मितानी कोकी याने लिहिलेला अधिकारी याच घराण्यातला. फक्त तो गबाळा नसून अतिसभ्य आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या नजरेने पाहिले तर हा प्रकार जमूच नये. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी रस म्हणून भयानक आणि करुण यांची नावे दिली आहेत, आणि खुनाच्या कथेत हे दोन्ही असणारच. मात्र आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अशा विरोधावर उपायही सांगितले आहेत : विरोधी रसांचे आश्रय वेगळे ठेवावेत, किंवा दोहोंच्या मध्ये तिसरा रस घालावा. विनोदी रहस्यमालिकांचे लेखक नेमके हेच करतात. भय खुन्याच्या वाट्याला जाते, हास्य तपास करणाऱ्याच्या. प्रेत थोडा वेळच दिसते, रक्त बेताचे असते, आणि मेलेला माणूस बहुधा कोणाच्या फारसा जिव्हाळ्याचा नसतो, म्हणजे शोकाला आश्रयच मिळत नाही. हास्य आणि भय यांच्या मध्ये उभा राहतो तो अद्भुत. बंद खोलीतून खुनी गेला कुठे, या नवलात दोघांचाही विरोध विरून जातो.

करुण रसाला मुद्दाम आत घेण्याचे धाडस ‘मंक’ने केले. २००२ ते २००९ या काळात आठ पर्वांत १२५ भाग झालेल्या या मालिकेचा नायक एड्रियन मंक हा सॅन फ्रान्सिस्कोतला माजी पोलीस. पत्नी ट्रूडीचा बॉम्बस्फोटात खून झाल्यावर त्याचा मंत्रचळ बळावलेला असतो. जंतू, उंची, गर्दी, दूध, वाकडी लटकलेली तसबीर, या सगळ्यांची त्याला धास्ती. हात मिळवला की लगेच पुसायला रुमाल हवा. वाकड्या तसबिरीकडे जाणारी त्याची नजरच दुवे टिपते, त्यामुळे हसू ज्यावर येते तेच त्याचे हत्यार ठरते. या भूमिकेसाठी टोनी शलूब याला दूरचित्रवाणीचे तीन एमी पुरस्कार मिळाले आणि ते योग्यच होते, कारण तो मंकला कधी विदूषक होऊ देत नाही. एका खऱ्या मनोविकाराचा विनोदासाठी वापर करावा का, हा आक्षेप तरीही रास्त आहे. मालिका जिथे मंकच्या त्रासावर हसवते तिथे ती उणी पडते. जिथे त्या त्रासापुढे इतरांची झालेली तारांबळ दाखवते, तिथे तिची माया दिसते.

नायक असा तऱ्हेवाईक असला की शेजारी एक शहाणे माणूस लागते. मंकला आधी शरोना आणि मग नॅटली, ‘साइक’मधल्या शॉनला गस. हे साहाय्यक प्रेक्षकाचे प्रतिनिधी असतात. आपल्या मनातला ‘अहो, पण हे कसे काय?’ हा प्रश्न ते विचारतात. ‘करमचंद’ने १९८५ साली हे समीकरण उलटे फिरवले. पंकज पराशर दिग्दर्शित या मालिकेत पंकज कपूरचा काळ्या चष्म्यातला, गाजर चावत फिरणारा गुप्तहेर तल्लख होता आणि सुश्मिता मुखर्जीची किटी भाबडी. तिचे कौतुक आणि त्यावर त्याचे ‘शटअप किटी’ ही जोडगोळी घराघरांत पोचली. त्या गाजराचे काम मोठे होते : करमचंद कचकन तुकडा तोडून चावत राही आणि समोरचा संशयित ती शांतता भरून काढायला नको ते बोलून जाई.

‘मर्डर, शी रोट’मध्ये (१९८४–९६) विनोद मंद आहे, खळखळून हसवणारा नाही. अँजेला लॅन्सबरीची जेसिका फ्लेचर ही निवृत्त शिक्षिका आणि रहस्यकथांची लेखिका २६४ भागांत खुनी पकडते, आणि ‘बाईंना काय कळतंय’ असे समजणारे पुरुष दर वेळी तोंडघशी पडतात. कॅबट कोव्ह या तिच्या चिमुकल्या गावात इतके खून कसे होतात, यावर प्रेक्षक प्रेमाने थट्टा करत आले आहेत. ‘डेथ इन पॅराडाइज’मध्ये (२०११ पासून) कॅरिबियन बेटाच्या उन्हात लोकरी सूट घालून घामाघूम झालेला पहिला इंग्रज अधिकारी हाच विनोदाचा उगम होता. शेवटी मात्र सर्व संशयितांना एकत्र बसवून उकल सांगण्याची जुनी रीत ही मालिका निष्ठेने पाळते, आणि ते पाहायला बरे वाटते.

हा मेळ बिघडतो तो तोल एका बाजूला गेला की. १९८५ साली आलेल्या ‘मूनलाइटिंग’मध्ये सिबिल शेफर्ड आणि ब्रूस विलिस यांची एकमेकांवर कुरघोडी करणारी जुगलबंदी इतकी रंगली की गुन्हा निमित्तमात्र उरला. संवाद लखलखीत, पण पुढे पुढे कोड्याकडे कोणाचे लक्षच राहिले नाही. ‘पोलीस स्क्वॉड!’ (१९८२) तर सरळ विडंबनच. तिचे अवघे सहा भाग निघाले. तिच्यात दृश्याच्या मागच्या बाजूलाही विनोद पेरलेले असत आणि ते टिपायला सतत डोळे लावून बसावे लागे. याउलट, ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ने २०२१ पासून दर भागाला एक खून ही चौकट सोडून एक खून पर्वभर पुरवला. एका इमारतीत राहणाऱ्या तिघा हौशी शोधकांचा एकटेपणा त्यामुळे सावकाश उलगडतो, आणि विनोदाला खोली येते.

खुनी कळल्यावर रहस्यकथा पुन्हा वाचणारे थोडे. या मालिका मात्र लोक पुन्हा पुन्हा पाहतात. उत्तर माहीत झाले तरी दाणे गालिच्यावर सांडायचे थांबत नाहीत, आणि खण उघडणारा हात आता दिसू लागतो. दुसऱ्या खेपेला लेखकाची कारागिरी पाहण्याचा आनंद असतो. ‘साइक’च्या (२००६–१४) निर्मात्यांनी प्रेक्षकाच्या या सवयीसाठी एक खेळच ठेवला होता. तिचा नायक दिव्यदृष्टीचे सोंग करतो, प्रत्यक्षात पोलीस बापाने लहानपणापासून निरीक्षणाची शिकवणी घेतल्यामुळे त्याला सगळे दिसते. या मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात कुठेतरी एक अननस ठेवलेला किंवा चितारलेला असतो, कधी फडताळावर, कधी एखाद्याच्या कपड्यावरच्या नक्षीत. चाहते तो शोधायला भाग थांबवून थांबवून पाहतात, आणि अननसासाठी चौकटीचे कोपरे धुंडाळताना कधीतरी मागच्या वेळी हसण्याच्या नादात हुकलेला दुवाही त्यांच्या नजरेस पडतो.