जी-प्रथिनसंलग्न ग्राही

जी-प्रथिनसंलग्न ग्राही : पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांचे एक मोठे कुल. संप्रेरक, तंत्रिकाप्रेषक, गंधरेणू किंवा प्रकाश यांचा संकेत ही प्रथिने पेशीच्या बाहेरील अंगाने टिपतात आणि आतील अंगाने तो जी-प्रथिनाकडे, म्हणजे पेशीच्या आत संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनाकडे, सोपवतात. मानवी जनुकसंचात या कुलातील सुमारे ८०० जनुके असून त्यांतील जवळजवळ निम्मी केवळ गंधज्ञानासाठी आहेत. प्रचारातील औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधे याच कुलातील प्रथिनांवर कार्य करतात. प्रस्तुत नोंदीत ॲड्रेनॅलिन टिपणाऱ्या बीटा-ॲड्रेनर्जिक ग्राहीला मध्यवर्ती स्थान दिले आहे, कारण कुलाविषयीचे पायाभूत ज्ञान मुख्यतः त्याच्यावरून आणि डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनावरून मिळालेले आहे.

कल्पनेचा उगम : ग्राहीची कल्पना नेमकी कोणाची, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तिचे श्रेय केंब्रिजचे शरीरक्रियावैज्ञानिक जॉन न्यूपोर्ट लँगली यांना, तर दुसऱ्यानुसार जर्मन वैद्यक पाउल एर्लिख यांना जाते. लँगली यांनी १८७८ मध्ये मांजराच्या लाळग्रंथीवर पायलोकार्पीन व ॲट्रोपीन या वनस्पतिजन्य अल्कलॉइडांचे परिणाम तपासले. पहिल्याने लाळ सुटते, दुसऱ्याने थांबते. आणि दोन्ही एकदम दिल्यास ज्याची मात्रा भारी त्याची सरशी होते. यावरून, तंत्रिकाग्रांत किंवा ग्रंथिपेशींत असे काही द्रव्य असावे की ज्याच्याशी ही दोन्ही अल्कलॉइडे संयोग पावतात, असा तर्क त्यांनी केला. मात्र हे द्रव्य तंत्रिकेत की पेशीत, हा प्रश्न तेव्हा मोकळाच राहिला.

त्याचे उत्तर १९०५ च्या प्रयोगांत मिळाले. कोंबडीच्या स्नायूला जाणारी तंत्रिका तोडून ती पूर्ण झिजू दिली, तरी निकोटिनाने तो स्नायू आखडत राहिला आणि क्युरारी या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाने ते आखडणे थांबले. म्हणजे दोन्ही द्रव्यांचे ठिकाण तंत्रिकाग्र नसून स्नायुपेशीच होती. लँगली यांनी तिच्यातील या घटकाला ‘ग्राही द्रव्य’ म्हटले. ॲड्रेनॅलिनासारखे द्रव्यच तंत्रिकाग्रातून बाहेर पडत असावे, असे त्यांचे विद्यार्थी टी. आर. एलियट यांनी आदल्याच वर्षी, १९०४ मध्ये, सुचवले होते. दोन्ही तर्क जोडून पाहिले तर आजचे चित्र जवळजवळ पुरे होते. पण ते त्या काळी कोणी जोडले नाहीत.

एर्लिख यांची वाट वेगळी. घटसर्पाचे जीवविष व प्रतिविष यांच्या मापनातून त्यांनी १८९७ मध्ये पार्श्वशृंखला उपपत्ती (पेशीवरील बाजूच्या साखळ्यांना जीवविष जोडले जाते, हा विचार) मांडली आणि १९०० मध्ये युलिउस मॉर्गेनरोट यांच्यासमवेत आज रूढ असलेली ‘ग्राही’ ही संज्ञा योजली. परंतु हे ग्राही जीवविषांसाठी व पोषक द्रव्यांसाठी होते. औषधे पेशीतून सहज धुऊन निघतात, तेव्हा ती ग्राहीला बांधली जात नसावीत, असे त्यांचे कित्येक वर्षे मत होते. औषधांसाठी ‘रसायनग्राही’ त्यांनी मान्य केले ते १९०७ च्या सुमारास, आणि तेही लँगली यांच्या प्रयोगांचा आधार घेऊन. हा क्रम ध्यानात घेता संज्ञा एर्लिख यांची आणि औषधशास्त्रीय आशय लँगली यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आरंभ १८७८ चा मानावा की १९०५ चा, यावर मतभेद संभवतो. ग्राहीचे स्थान निश्चित झाले ते दुसऱ्या साली, म्हणून तेच साल घेणे बरे.

पुढची चाळीसेक वर्षे ग्राही ही कल्पना सोयीची पण संशयास्पद मानली जात होती. ब्रिटिश औषधवैज्ञानिक ए. जे. क्लार्क यांनी औषधाची मात्रा व परिणाम यांचे संबंध गणिताने मांडून तिला शिस्त आणली. त्यांचेच देशबंधू शरीरक्रियावैज्ञानिक हेन्री डेल यांचा मात्र तिच्याकडे ओढा नव्हता. वास्तविक १९०६ मध्ये डेल यांनीच दाखवले होते की, अरगट (धान्यावरील एका कवकापासूनचे औषध) दिलेल्या प्राण्यात ॲड्रेनॅलिनाने रक्तदाब वाढण्याऐवजी उतरतो. या कोड्याचा उलगडा ग्राही दोन प्रकारचे मानल्याशिवाय नीट होत नाही. ते पाऊल अमेरिकेत जॉर्जियामधील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये उचलले. जवळच्या नात्याच्या काही अमाइनांची परिणामकारकता त्यांनी निरनिराळ्या अवयवांवर ताडून पाहिली. तेव्हा बलाबलाचे दोनच क्रम पुन्हापुन्हा आढळले. त्यांवरून आल्फा व बीटा असे दोन ग्राही त्यांनी सुचवले. हा निबंध एका नियतकालिकाने आधी नाकारला होता. त्याची किंमत कळली ती जेम्स ब्लॅक यांनी याच विभागणीवरून प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ग्राही अडवणारे औषध घडवल्यावर, १९६० च्या दशकात. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जी-प्रथिनाचा शोध : ॲड्रेनॅलिन पेशीत न शिरता यकृतातील ग्लायकोजेनाचे ग्लुकोज कसे करते, हा प्रश्न अर्ल सदरलँड यांनी क्लीव्हलँड येथे हाती घेतला. पेशीपटलाच्या तुकड्यांवर संप्रेरक घातले की उष्णतेने न बिघडणारे एक लहान द्रव्य तयार होते, असे त्यांना व टी. डब्ल्यू. रॉल यांना १९५७ च्या सुमारास आढळले. हेच चक्रीय एएमपी, म्हणजे पेशीतील ‘दुय्यम निरोप्या’ (नोबेल १९७१). ते बनवणारे एंझाइम, ॲडेनिलिल सायक्लेज, हाच ग्राही असावा असे बरीच वर्षे समजले जाई.

ही समजूत मार्टिन रॉडबेल यांच्या प्रयोगशाळेत मोडली. यकृतपेशींच्या पटलावर ग्लुकागॉन या संप्रेरकाची क्रिया तपासताना ते ॲटीपी हा पेशीतील ऊर्जावाहक रेणू वापरत होते. आणि परिणाम त्या ॲटीपीचा नसून त्यात भेसळ म्हणून आलेल्या जीटीपी या तशाच दुसऱ्या रेणूचा आहे, असे निघाले. जीटीपीमुळे ग्लुकागॉनाची ग्राहीवरील पकड सैल होते आणि तरीही सायक्लेज जागे व्हायला जीटीपी लागतेच, असे त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा ग्राही व सायक्लेज यांच्यामध्ये तिसरा कोणी असला पाहिजे. तो ॲल्फ्रेड गिलमन यांना उंदराच्या लसीकापेशींच्या एका उत्परिवर्तित वाणातून सापडला. या वाणात सायक्लेजच नाही, अशा समजुतीने त्याचे नामकरणही झालेले होते. प्रत्यक्षात ग्राही होता, सायक्लेजही होते, नव्हता तो मधला दुवा, म्हणजेच जी-प्रथिन. त्याचे शुद्धीकरण १९८० मध्ये झाले. रॉडबेल व गिलमन यांना १९९४ चे नोबेल विभागून मिळाले.

कार्यपद्धती : जी-प्रथिनाचे आल्फा, बीटा व गॅमा असे तीन घटक असतात. विश्रांत स्थितीत आल्फा घटकाला जीडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला जीटीपी) चिकटलेला असतो. संप्रेरक बसल्याने ग्राहीचा आकार बदलतो, जीडीपी सुटतो, त्या जागी पेशीत मुबलक असलेला जीटीपी येतो आणि आल्फा उरलेल्या जोडीपासून वेगळा होतो. बीटा ग्राहीच्या बाबतीत हा आल्फा घटक सायक्लेजला चेतवतो, चक्रीय एएमपी वाढते, त्याने प्रथिन कायनेज-ए (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे एंझाइम) कार्यान्वित होते आणि एंझाइमांची साखळी ग्लायकोजेनाच्या विघटनापर्यंत पोहोचते. आल्फा स्वतःच जीटीपीचे हळूहळू जीडीपी करतो आणि आपणहून बंद पडतो. सायक्लेजला चेतवणाऱ्या, दडपणाऱ्या आणि कॅल्शियममार्ग चालवणाऱ्या जी-प्रथिनांचे गट वेगवेगळे आहेत.

आपणहून बंद पडण्याला किती महत्त्व आहे, हे पटकीवरून कळते. पटकीच्या जंतूचे जीवविष चेतक आल्फा घटकाला एडीपी-रायबोज हा रासायनिक गट जोडते. त्यामुळे जीटीपीचे विघटन थांबते आणि घटक चालूच राहतो. आतड्याच्या पेशीत चक्रीय एएमपी साचते, क्लोराइड बाहेर वाहू लागते आणि त्यामागोमाग पाणी. तीव्र रुग्णात तासाला लिटरभरापर्यंत. हे जीवविष जंतूंपासून वेगळे करता येते, हे कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले : जंतू गाळून काढलेला संवर्धद्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला असता तेथे द्रव साचला. डे यांच्या हयातीत या कामाची मायदेशी फारशी दखल घेतली गेली नाही. डांग्या खोकल्याच्या जंतूचे जीवविष याच तऱ्हेची रासायनिक क्रिया दडपणाऱ्या जी-प्रथिनावर करते, पण तेथे परिणाम उलट अंगाने होतो : ते प्रथिन ग्राहीपासून तुटते आणि सायक्लेजवरचा लगाम सुटतो. जी-प्रथिनांच्या अभ्यासात ही दोन्ही विषे हत्यारासारखी वापरली गेली.

संरचना : ड्यूक विद्यापीठातील रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या रेणूंच्या साहाय्याने बीटा ग्राही मोजण्याचे आणि वेगळा करण्याचे तंत्र बसवले. शुद्ध प्रथिन अत्यल्प मिळे. तरी त्याच्या लहान तुकड्यांवरून मर्क कंपनीच्या संशोधकांसमवेत १९८६ मध्ये हॅमस्टरच्या बीटा-२ ग्राहीचे (बीटा ग्राहीच्या एका उपप्रकाराचे) जनुक हाती आले. या कामात ब्रायन कोबिल्का यांचा वाटा मोठा होता. ४१८ अमिनो आम्लांचा तो क्रम ऱ्होडॉप्सिनाशी मिळताजुळता निघाला. प्रकाश टिपणारे प्रथिन आणि संप्रेरक टिपणारे प्रथिन एकाच घराण्यातले असतील, अशी फारशी अपेक्षा नव्हती. दोहोंची शृंखला धावदोऱ्यासारखी सात वेळा पटलाच्या आरपार जाते. सुरुवातीचे टोक पेशीबाहेर, शेवटचे आत. गंधाच्या ग्राहींचे जनुककुल लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधले, त्यातही हीच बांधणी आढळली (नोबेल २००४).

रचना पाहण्यासाठी लागणारे स्फटिक मिळवणे मात्र कठीण गेले. ऱ्होडॉप्सिन गाईच्या डोळ्यातून भरपूर मिळते आणि त्यात बसलेल्या रेटिनल या प्रकाशग्राही रेणूमुळे निष्क्रिय स्थितीत घट्ट राहते, म्हणून त्याची रचना २००० मध्ये कळली. बीटा-२ ग्राही सतत आकार बदलतो. त्याचा लवचिक भाग काढून तेथे लायसोझाइम हे सहज स्फटिक होणारे प्रथिन बसवल्यावर २००७ मध्ये २·४ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) स्पष्ट चित्र मिळाले. ग्राही जी-प्रथिनाला धरून असतानाची अवस्था कोबिल्का यांच्या गटाने २०११ मध्ये टिपली. यासाठी लामा या प्राण्यापासून मिळवलेल्या लहान प्रतिपिंडाचा टेकू घ्यावा लागला. सक्रिय ग्राहीच्या सहाव्या सर्पिलाचे आतील टोक सुमारे १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकते आणि त्या पोकळीत आल्फा घटकाचे टोक शिरते, असे त्यात दिसले. लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१७ पासून शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने अशा संयुक्त रचना स्फटिकाविनाही मिळू लागल्या आहेत.

ॲरेस्टिन व पक्षपाती चेतना : संकेत सतत येत राहिला तर ग्राही बधिर होतो. ग्राही-कायनेजे त्याच्या शेपटीवर फॉस्फेट चढवतात, त्यावर बीटा-ॲरेस्टिन हे प्रथिन बसते, जी-प्रथिनाची वाट बंद होते आणि ग्राही पेशीच्या आत ओढला जातो. इथपर्यंत मतभेद नाही. ॲरेस्टिन स्वतंत्रपणेही निरोप पुढे नेते, हे मत लेफ्कोविट्झ यांच्या गटाने १९९० च्या दशकाअखेरीपासून मांडले. त्यावरून केवळ हव्या त्या मार्गाला चेतवणाऱ्या ‘पक्षपाती’ औषधांची कल्पना निघाली. जनुकसंपादनाने ॲरेस्टिने वा जी-प्रथिने काढून टाकलेल्या पेशींवरील २०१७-१८ च्या प्रयोगांनी मात्र या स्वातंत्र्याविषयी शंका उपस्थित केली : जी-प्रथिने नसतील तर ॲरेस्टिन एकट्याने संकेत सुरू करते, असे त्यांत दिसले नाही. ॲरेस्टिन संकेताला आकार देते, सुरुवात बहुधा जी-प्रथिनच करते, हा मधला पक्ष उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळतो.

याच कुलातील ग्राहीवर कार्य करणाऱ्या मॉर्फिनाच्या बाबतीतही असेच घडले. बीटा-ॲरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांत वेदनाशमन वाढते (१९९९) आणि श्वसन कमी दडपले जाते (२००५), असे निष्कर्ष होते; त्यांतील श्वसनाविषयीचा निष्कर्ष २०२० मध्ये अन्य प्रयोगशाळांना मिळाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, या विचारातून आलेल्या ऑलिसेरिडीन या वेदनाशामकाला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण श्वसनदडपणाचा इशारा त्यावरही छापावा लागतो.

विकृती व औषधे : ऱ्होडॉप्सिनाच्या उत्परिवर्तनांनी रातांधळेपणापासून सुरू होणारा एक आनुवंशिक दृष्टिपटलविकार होतो; मूत्रपिंडातील व्हॅसोप्रेसीन ग्राही बिघडल्यास पाण्यासारखी अतिमूत्रता होते. एचआयव्ही विषाणू पेशीत शिरताना सीसीआर-५ या ग्राहीचा आधार घेतो (१९९६). दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल बीटा-२ ला चेतवून श्वासनलिका रुंद करते. प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ (मुख्यतः हृदयातील उपप्रकार) व बीटा-२ दोन्ही अडवते, म्हणूनच ते दम्याच्या रुग्णाला देत नाहीत. मधुमेह व स्थूलतेवरील सेमाग्लुटाइड याच कुलातील जीएलपी-१ ग्राहीवर कार्य करते.