उन्हाळ्यात मरळ लागत नाही? खुलासा

"होळी झाली, गळ गुंडाळा. पाणी तापलं की मरळ चिखलात शिरते." नाशिककडं हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. शिरते, पण डबकं आटत आलं तर. गंगापूर किंवा दारणा धरणाच्या फुगवट्यात पाणी असताना ती चिखल कशाला धरेल?

तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून रोहू-कटला सुस्तावतात. मरळीला मात्र कल्ल्यांखेरीज थेट हवा घ्यायची सोय आहे, आणि त्यासाठी तिला अधूनमधून वर यावंच लागतं. पहाटे काठच्या पाणवनस्पतींत 'पचक्' असा आवाज आला की समजायचं.

तिथं चकाकता स्पून (चमच्यासारखं धातूचं नकली आमिष) टाकाल तर पाला ओढत बसाल. रबरी बेडूक घ्या. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, त्यामुळं तो पाल्यावरून अलगद सरकतो. मरळीनं चावलं की पोकळ अंग दबतं आणि टोकं उघडी पडतात. म्हणून पाणी उसळल्याबरोबर झटका देऊ नका, दोरी ताणली जाऊ द्या. घाईनं बेडूक तेवढा परत येतो!

धरणावर मासेमारीच्या ठेकेदाराला आधी विचारा. नांदूर मध्यमेश्वरला गळ काढूच नका, ते अभयारण्य आहे.