पायाच्या धमनीतले कॅल्शियम आणि आतून केलेली सोनोग्राफी : पार्श्वभूमी

पायाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी जानेवारी 1964 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये झाली. रुग्ण 82 वर्षांच्या बाई, बोटांना गँगरीन आणि पाय कापायला ठाम नकार. मांडीतली अरुंद धमनी नळ्या सरकवून रुंद केली आणि बाई पुढे अडीच वर्षे, मृत्यूपर्यंत, स्वतःच्या पायांवर चालल्या. 1974 मध्ये झुरिकमध्ये धमनी आतून रुंद करणारा फुगा आला. तोही आधी पायात. हृदयाची पाळी तीन वर्षांनी आली. हृदयाच्या गाजावाजात हा क्रम सहसा विसरला जातो.

कॅल्शियमची ओळख याहून जुनी. धमनीच्या मधल्या थरात ते साचते, हे 1903 मध्ये एका जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने नोंदवले होते. मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत ते विशेष दिसते. घोट्यावर पट्टा फुगवत गेले तरी कडक झालेली धमनी दबत नाही. घोटा-दंड गुणोत्तर (घोट्यावरचा रक्तदाब भागिले दंडावरचा) 1.4 च्या वर जाते, कागदावर रक्तपुरवठा उत्तम दिसतो आणि अंगठा मात्र काळा पडत असतो. म्हणून अशा रुग्णांत अंगठ्याचा दाब मोजतात.

खरा गुंता आहे तो ‘गंभीर’ कॅल्शियम कशाला म्हणायचे, याचा. औषध लावलेल्या फुग्यांच्या मोठ्या चाचण्यांत गंभीर कॅल्शियमचे रुग्ण बहुधा वगळले गेले. म्हणजे निकाल तुलनेने मऊ धमन्यांचे आणि वापर सर्रास सगळ्यांवर. वगळायचे कोणाला हे ठरत होते एक्स-रेच्या पडद्यावर. 2014 मधली एक प्रतवारी आजही वापरात आहे. कॅल्शियम धमनीच्या एका कडेला की दोन्ही कडांना, आणि लांबी 5 सेंटिमीटरपेक्षा कमी की जास्त, एवढ्यावर तिच्यात शून्य ते चार अशा पायऱ्या पडतात. दोन्ही कडांना रुळांसारख्या समांतर रेषा दिसल्या आणि लांबी जास्त असली की चौथी पायरी.

सोपी आहे, पण अपुरी. एक्स-रे गोल नळीची सपाट सावली दाखवतो. दोन कडा दिसल्या म्हणजे कॅल्शियमचे पूर्ण वलय असेलच असे नाही. शिवाय मधल्या थरातले कॅल्शियम आणि आतल्या थरातले, वाट अडवणारे कॅल्शियम त्या सावलीत एकमेकांत मिसळून जातात. फुग्यावरचे औषध भिंतीत मुरेल का, फुगा उघडेल की भिंत फाडेल, हे कॅल्शियमने परिघाचा किती भाग व्यापला आहे यावर बरेचसे अवलंबून असते, आणि नेमके तेच इथे कळत नाही.

ते दाखवते आयव्हस, म्हणजे धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी. कॅथेटरच्या (धमनीत सरकवायच्या बारीक नळीच्या) टोकावर अल्ट्रासाउंड बसवायची कल्पना रॉटरडॅममध्ये 1972 च्या सुमारास आकाराला आली. माणसाच्या धमन्यांत ती उतरली 1980 च्या दशकाच्या शेवटी. तारेवरून कॅथेटर खाली न्यायचा आणि सावकाश मागे ओढायचा. काळ्या-करड्या गोल चित्रात कॅल्शियम लख्ख पांढरे दिसते आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. कॅल्शियमचा चाप 90 अंशांचा की पूर्ण 360, हे तिथल्या तिथे मोजता येते. सावलीमुळे जाडी मात्र कळत नाही. आयव्हसचे कौतुक करणारे (मीही त्यांतलाच) हे सांगताना आवाज जरा खाली आणतात.

कडक धमनीसाठी साधने आधीपासून होती. 1980 च्या दशकात धमनी आतून खरवडणारे कॅथेटर आले, पुढे फिरत घासणारे. 2016 मध्ये अमेरिकेत पायासाठी ध्वनिलहरींच्या फुग्याला मंजुरी मिळाली. मूतखडे फोडण्याचे, 1980 मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलेले तंत्र आता धमनीच्या आत आले. 306 रुग्णांच्या चाचणीत या फुग्यानंतर ऐनवेळी स्टेंट टाकावा लागण्याचे प्रमाण 4.6 टक्के होते, तर साध्या फुग्यानंतर 18.3 टक्के. पण यश मोजले गेले अँजिओग्राफीवरच.

2016 मध्येच अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने रुग्णालयाबाहेरच्या दवाखान्यांतही आयव्हसचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली. त्याआधी धमनी खरवडण्यासाठी विम्याकडून मिळणारे दर वाढले होते आणि त्याचा अतिवापर पुढे तिथल्या वृत्तपत्रांचा विषय झाला. आयव्हसचा वापर वाढला त्यात विज्ञान किती आणि बिल किती, हा वाद म्हणूनच मिटत नाही. जपानमध्ये विमा आधीपासून खर्च देत असल्याने तिथे हा प्रश्न एवढा टोकदार झाला नाही.

यादृच्छिक पुरावा, म्हणजे रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटून केलेल्या चाचण्यांचा, आला तो 2022 पासून. ऑस्ट्रेलियातल्या 150 रुग्णांच्या चाचणीत आयव्हसने धमनी सरासरी अर्धा मिलिमीटर मोठी मोजली, म्हणजे फुगाही मोठा निवडला गेला. वर्षभरात धमनी पुन्हा अरुंद न होण्याचे प्रमाण 72.4 टक्के निघाले, नुसत्या अँजिओग्राफीत 55.4. पुन्हा उपचार करावे लागण्यात मात्र ठळक फरक पडला नाही. 2024 मध्ये दक्षिण कोरियातल्या 237 रुग्णांच्या चाचणीत औषधी फुग्यानंतर वर्षभराने धमनी मोकळी राहिली 83.8 टक्क्यांत, विरुद्ध 70.1. दोन्हींत कॅल्शियम ही भरतीची अट नव्हती. म्हणजे कॅल्शियमच्या चाचणीत आयव्हस निकष नव्हते आणि आयव्हसच्या चाचण्यांत कॅल्शियम.

भारतात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मधुमेही 10 कोटींहून अधिक आहेत. 2017 मध्ये सरकारने किमती बांधल्या त्या हृदयाच्या स्टेंटच्या. पायाची साधने आणि आयव्हसचे कॅथेटर त्या मर्यादेबाहेर राहिले, त्यामुळे मांडीत कॅथेटर सोडण्याआधी खर्चाचे बोलणे नातेवाइकांशी होते.