पार्श्वभूमी : फोकल फिट आणि मेंदूतल्या अवरोधक पेशी

फिट म्हणजे उत्तेजनाचा अतिरेक आणि गाबा हे पेशींना शांत करणारं रसायन सोडणाऱ्या अवरोधक पेशी म्हणजे त्यावरचा ब्रेक, हे समीकरण रुजलं त्याला भक्कम कारणं होती. १९५० मध्ये मेंदूत गाबा सापडलं. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत डबाबंद दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांना फिट येऊ लागल्या. निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेत त्या दुधातलं ब-६ जीवनसत्त्व नष्ट झालं होतं, आणि गाबा तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) नेमकं तेच लागतं. जीवनसत्त्व दिलं की फिट थांबत. एवढा सरळ पुरावा हाती असल्यावर 'गाबा कमी, म्हणून फिट' यापलीकडे कोण कशाला जाईल?

तरी साठच्या दशकातच एक वेगळी नोंद झाली होती. मांजराच्या मेंदूच्या पृष्ठभागावर पेनिसिलिन ठेवलं की तेवढ्याच जागी अपस्माराचं केंद्र तयार होतं, कारण पेनिसिलिन गाबाची वाट अडवतं. केंद्रातल्या पेशी भडकलेल्या दिसल्या, पण भोवतालच्या अनेक पेशी चक्क गप्प केलेल्या होत्या. म्हणजे फोकल, मेंदूच्या एका ठरावीक जागी सुरू होणाऱ्या, फिटमध्ये अवरोध एका जागी हरलेला असतो आणि तिच्याभोवती जोरात झुंजत असतो. या निरीक्षणाला मिळायला हवं तेवढं महत्त्व फार उशिरा मिळालं. मधल्या काळात हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातल्या अवरोधक पेशी मेल्यात की नुसत्या निपचित पडल्यात, या वादात बरीच शक्ती गेली.

खरा गुंता झाला तो २००२ नंतर, 'उत्तेजक गाबा' या शब्दाने. त्या वर्षी टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, अपस्मारासाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींचे, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप तपासले गेले. फिट आणणारं कुठलंही औषध न घालता त्यांत आपोआप लयबद्ध स्पंदनं उमटत होती. गाबाची वाट अडवल्यावर ती वाढायला हवी होती, पण ती थांबली. काही मुख्य, म्हणजे उत्तेजन पुढे नेणाऱ्या, पेशी गाबाने दबण्याऐवजी भडकत होत्या.

कारण क्लोराइडमध्ये होतं. गाबाने उघडलेल्या दारातून क्लोराइड पेशीत शिरतं, आणि केसीसी-२ नावाचा वाहक ते बाहेर काढत राहतो. वाहक अधू असेल तर क्लोराइड आत साचतं आणि प्रवाहाची दिशा उलटते. तान्ह्या उंदरांच्या पेशींत गाबा असं उलटं वागतं, हे १९८९ पासून माहीत होतं. त्यामुळे 'अपस्मारात मेंदू बाल्यावस्थेत परततो' असं एक आकर्षक वाक्य तयार झालं आणि ते फार सैलपणे वापरलं गेलं.

यात दोन गोष्टींची गल्लत आहे. समजा, शांत पेशीचा विद्युतदाब −७० मिलिव्होल्ट आहे आणि भडकण्याचा उंबरठा −५०. गाबाने पेशी −६० वर आली, तर तो बदल वरच्या दिशेने झाला, पण पेशी भडकली नाही. उलट दारं उघडी असल्याने इतर पेशींकडून आलेलं उत्तेजनही गळून जातं, फुटक्या घागरीत पाणी ठरत नाही तसं. म्हणजे दाब वर सरकला तरी अवरोध शाबूत राहू शकतो. दुसरं म्हणजे, त्या कापांतली स्पंदनं दोन फिटच्या मधल्या काळातली होती. ती म्हणजे फिट नव्हे.

'उत्तेजक गाबा' या शब्दाची किंमत नवजात बाळांच्या उपचारात मोजावी लागली. क्लोराइड आत आणणारा वाहक रोखण्यासाठी ब्युमेटनाइड हे लघवी वाढवणारं जुनं औषध युरोपातल्या एका चाचणीत १४ बाळांना दिलं गेलं. प्रसूतीवेळी प्राणवायू कमी पडून त्यांना फिट येत होत्या. फायद्याचा पुरावा मिळाला नाही. वाचलेल्या ११ पैकी तिघांची श्रवणशक्ती बाधित झाली. चाचणी मध्येच थांबवली गेली आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध मेंदूत फारसं पोहोचत नाही, ही अडचण होतीच. बाळांच्या आयुष्याशी गाठ असताना ती आधी जास्त गांभीर्याने घ्यायला हवी होती.

त्याच सुमारास मांजरांमधली जुनी नोंद माणसात नव्याने पुढे आली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत रुग्णांच्या मेंदूवर ४ मिलिमीटर लांबी-रुंदीची, ९६ सूक्ष्म सुयांची पट्टी बसवली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत भडकलेला गाभा आणि भोवतालचा अजून तग धरून असलेला पट्टा यांच्यात स्पष्ट सीमा दिसली, आणि ती सीमा हळूहळू पुढे सरकत होती. नेहमीच्या ईईजीवर मात्र दोन्ही बाजू सारख्याच खवळलेल्या दिसतात. त्या पट्ट्यात अवरोधक पेशी जीव तोडून काम करतात, पण त्या भडिमारात क्लोराइड साचतं. ते बाहेर काढताना वाहक सोबत पोटॅशियमही बाहेर टाकतो, आणि साचलेलं पोटॅशियम शेजारच्या पेशींना चिथावतं. अवरोध असा स्वतःच्याच ओझ्याखाली मोडतो.

प्रकाशाने पेशी चालू-बंद करण्याचं तंत्र आल्यावर चित्र आणखी विचित्र झालं. २०१३ मध्ये उंदरांत फिट सुरू होताच पार्वअल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या गटाच्या अवरोधक पेशींवर प्रकाश टाकला आणि फिट आटोपली. या पेशी हिप्पोकॅम्पसमधल्या एकूण पेशींच्या ५ टक्क्यांहूनही कमी. दोनच वर्षांनी, मेंदूच्या कापांत, त्याच गटाला चेतवल्यावर फिटसारखा झटका सुरू झाला. हे निष्कर्ष परस्परविरोधी म्हणून मांडले जातात, पण मला ते तसे वाटत नाहीत. सुरू झालेली फिट आवरणं वेगळं आणि आधीच काठावर असलेल्या जाळ्यातल्या पेशी एकाच क्षणी दाबून एकाच क्षणी मोकळ्या सोडणं वेगळं.

औषधांचा अनुभवही याला धरूनच आहे. सगळीकडेच गाबाचा प्रभाव वाढवणाऱ्या टायागॅबीनने काही रुग्णांत न थांबणारी, झटके नसलेली फिट उलट सुरू झाली. फिट आल्यावर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे आता आपल्याकडेही अनेक घरांत असतो. तो वेळेत द्या म्हणतात त्यामागेही हेच शास्त्र आहे. फिट लांबली की गाबाची ग्राहकं, म्हणजे गाबाने उघडणारी ती दारं, पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढली जातात आणि औषधाला धरायला जागाच उरत नाही.

२०२२ पासून अमेरिकेत, औषधांना न जुमानणाऱ्या टेम्पोरल लोबच्या अपस्मारात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी अवरोधक पेशी हिप्पोकॅम्पसमध्ये सोडण्याची चाचणी सुरू आहे. उंदरांत अशा रोपणाने फिट कमी झाल्या होत्या. रोपलेल्या पेशी गाबा सोडतील, पण ते ज्या जुन्या पेशींवर पडणार, त्यांना क्लोराइड बाहेर काढता येतं का, हेही त्या रुग्णांत पाहावं लागेल.