कॅन्सर आणि कोविड : १८ रुग्णांपासून सुरू झालेला हिशेब

फेब्रुवारी २०२० मध्ये भारतात कोविडचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. त्याच महिन्यात ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात चिनी डॉक्टरांचं एक छोटं टिपण आलं. ५७५ रुग्णालयांतल्या १,५९० कोविड रुग्णांची माहिती त्यांनी चाळली होती. त्यात कधी ना कधी कॅन्सर झालेले १८ जण निघाले. त्यांपैकी ७ जणांना आयसीयू किंवा व्हेंटिलेटर लागला, किंवा मृत्यू आला. म्हणजे ३९ टक्के. कॅन्सर नसलेल्यांत हेच प्रमाण ८ टक्के होतं.

३९ आणि ८ हे दोन आकडे जगभर फिरले. टिपणात एक सल्लाही होता : साथीच्या भागात ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांची शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेनंतरची केमो पुढे ढकलण्याचा विचार करावा. आक्षेपही लगेच आले आणि ते रास्त होते. त्या १८ जणांचं सरासरी वय ६३ होतं, बाकीच्यांचं ४८ च्या आसपास. त्यांच्यात धूम्रपान करणारे जास्त होते. काहींचे उपचार तर केव्हाच संपलेले होते. फुप्फुसाचा कॅन्सर असलेला आणि जुन्या शस्त्रक्रियेतून बरा झालेला, दोघांना एकाच टोपलीत टाकलं होतं. पण तोवर भीती पुढे गेली होती.

भीती मुळातच खोटी होती असं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरच्या, रुग्णांत दाखवून दिलं होतं की रक्तातल्या न्युट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त. आज केमोच्या प्रत्येक डोसआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करतात आणि ‘काउंट खाली आलेत, पुढच्या आठवड्यात या’ असं सांगतात, त्यामागे हाच धडा आहे. पण बोडींचा अभ्यास मुख्यतः जिवाणू आणि बुरशीच्या संसर्गांचा होता. नव्या विषाणूला तोच नियम जसाच्या तसा लागू होईल, हे कुणी तपासलेलं नव्हतं.

तपासायला माणसं जमवावी लागली. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांनी ट्विटरवरच्या बोलण्यातून एक सामायिक नोंदवही उभी केली. मे अखेरीस तिच्यातल्या ९२८ रुग्णांचा निष्कर्ष आला : १३ टक्के मृत्यू. त्याच सुमारास ब्रिटनच्या नोंदीत ८०० रुग्ण होते आणि मृत्यू २८ टक्के. इतका फरक कसा, तर नोंदीत कोण येतं त्यावर बरंच ठरतं. फक्त रुग्णालयात पोचलेले मोजले की प्रमाण वर जातं, घरी बरे झालेलेही धरले की खाली येतं. साथीच्या काळात टक्केवारी वाचताना ‘कशाचे टक्के’ हे विचारायचं राहून गेलं, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली असं मला वाटतं.

ब्रिटिश नोंदीतली खरी मोलाची गोष्ट वेगळीच होती. गेल्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत, वय आणि इतर आजार जमेस धरल्यावर, मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. जीव जात होते ते बहुतांशी जास्त वय, हृदयरोग, रक्तदाब यांमुळे, म्हणजे इतर कोविड रुग्णांचे जात होते त्याच कारणांनी.

जुलैमध्ये चित्र बरंच स्पष्ट झालं. ‘ओपनसेफली’ या प्रकल्पात इंग्लंडमधल्या सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. वर्षभरात रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालेल्यांना कोविडने मृत्यूचा धोका सुमारे २.८ पट होता. निदानाला पाच वर्षं उलटल्यावरही तो १.६ पट राहिला. स्तन, आतडं, तोंड असे बाकीचे कॅन्सर धरले, तर वर्षभरातल्या रुग्णांत तो १.७ पट होता, पुढे उतरत गेला आणि पाच वर्षांनंतर इतरांपेक्षा वेगळा उरलाच नाही. ‘कॅन्सर’ या एका शब्दाखाली दोन निराळी चित्रं होती.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघाड होतो तो विषाणूशी लढणाऱ्या पेशींमध्येच, किंवा त्या पेशींच्या कारखान्यात, अस्थिमज्जेत. त्यावर रिटुक्सिमॅबसारखं औषध दिलं की अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी कित्येक महिने नाहीशा होतात. वॉशिंग्टन राज्यात एका ७१ वर्षांच्या, ल्युकेमिया असलेल्या बाईंच्या शरीरातून तब्बल ७० दिवस जिवंत विषाणू बाहेर पडत होता, आणि त्यांना कोविडचं एकही लक्षण नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी मात्र आशेची एक बाजूही दाखवली : बी-पेशी नसल्या तरी ज्यांच्या टी-पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, शाबूत होत्या, ते जगण्याची शक्यता जास्त होती.

लशींच्या काळात हाच भेद पुन्हा दिसला. लंडनमधल्या एका अभ्यासात फायझर लशीच्या पहिल्या डोसनंतर तीन आठवड्यांनी निरोगी लोकांपैकी ९४ टक्क्यांत अँटिबॉडी आढळल्या. गाठीच्या, म्हणजे रक्ताखेरीजच्या, कॅन्सरमध्ये ३८ टक्के, रक्ताच्या कॅन्सरमध्ये फक्त १८. त्या वेळी ब्रिटनमध्ये दोन डोसांत बारा आठवड्यांचं अंतर होतं. या रुग्णांसाठी ते फार लांब होतं.

भारतात १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. यादीत लिम्फोमा, ल्युकेमिया, मायलोमा हे रक्ताचे कॅन्सर होते. आणि गाठीच्या कॅन्सरसाठी अट होती की निदान १ जुलै २०२० किंवा त्यानंतरचं असावं किंवा उपचार चालू असावेत. जुन्या, बऱ्या झालेल्या रुग्णांना ही तारीख जाचक वाटली असेल, पण ती इंग्लंडच्या आकड्यांशी बरीच जुळणारी होती.

पुढे लस आणि ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार यांनी पारडं फिरवलं. इंग्लंडच्या नोंदींत कॅन्सर रुग्णांमधला कोविड-मृत्युदर २०२१ च्या सुरुवातीला सुमारे २० टक्के होता, तो २०२२ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास आला. तरीही इतर लोकांच्या तुलनेत तो दुपटीहून जास्तच राहिला.

आता मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाकडे वळतो. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, लोकल त्याआधीच थांबल्या होत्या. बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबं टाटा रुग्णालयाभोवतीच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी अडकली. टाटाने कामकाज बंद केलं नाही. २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात तिथे ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. एकही रुग्ण दगावला नाही. नंतर सहा जण कोविड पॉझिटिव्ह निघाले, कुणाचीही तब्येत गंभीर झाली नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार करा म्हणणाऱ्या त्या चिनी टिपणाला मला माहीत असलेलं हे सर्वांत ठोस उत्तर.

पण एका रुग्णालयाने दार उघडं ठेवून भागत नाही, तिथवर पोचायला गाडी लागते. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांत मार्च ते मे २०१९ मध्ये १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. काहीजण नंतर आले असतील, गाठ वाढल्यावर. पण त्या तीन महिन्यांत दारापर्यंत न पोचलेल्या साठ हजारांपैकी जे दगावले, त्यांची गणना कोविडच्या कुठल्याही तक्त्यात नाही. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचं कारण कॅन्सर असंच लिहिलेलं असणार.