एक दशांश मिलिमीटरची ओढाताण

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या पोर्टलंड फुलदाणीचा फोटो पाहिला की गडद निळ्या काचेवर पांढऱ्या आकृत्या चिकटवल्या आहेत असं वाटतं. सतराव्या शतकातल्या जाणकारांना तर ती दगडातून कोरलेली वाटली होती. प्रत्यक्षात ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कारागिरांची काच आहे. निळ्या काचेवर अपारदर्शक पांढऱ्या काचेचा थर चढवायचा आणि नको तिथला पांढरा कोरून काढायचा, हीच कॅमिओ काच. पांढरा पातळ ठेवला की खालचा निळा त्यातून झिरपतो आणि सावली आपोआप उमटते. किती सुंदर युक्ती आहे ही!

कोरणं अवघड आहेच, पण माझ्या मते खरी परीक्षा त्याआधी, भट्टीपाशी होते. काच निवताना आकसते, हे आपण शाळेत शिकलो. साध्या काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापमानाबरोबर लांबी बदलण्याचं प्रमाण, दर अंशाला दहा लाखांत ९ भागांच्या आसपास असतो. समजा निळ्या काचेचा ९ आहे आणि पांढऱ्या काचेचा १०. काच घट्ट होते सुमारे ५०० अंश सेल्सिअसला. तिथून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पांढरा थर निळ्यापेक्षा दहा हजारांत जवळजवळ ५ भाग जास्त आकसू पाहतो. पाव मीटर उंचीच्या भांड्यात हा फरक जेमतेम ०.१ मिलिमीटर! पण थर एकजीव झालेले, कुणीच सुटू शकत नाही. पांढरा ताणला जातो, निळा दाबला जातो. काचेचा स्थितिस्थापकत्वांक, म्हणजे ताणाला न झुकण्याचा कडकपणा, सुमारे ७० गिगापास्कल. दहा हजारांत ५ या फरकाला त्याने गुणलं की पातळ पांढऱ्या थरातलं प्रतिबल, म्हणजे आतली ओढ, ३० मेगापास्कलच्या वर जातं. बारीक ओरखडे असलेली काच तडकायला तेवढं पुरतं. भांडं कितीही सावकाश निववा, ही ओढ जात नाही, कारण ती दोन काचांच्या स्वभावातच आहे. त्यात कोरकाम सुरू झालं की तोल बदलतो आणि उरलेल्या आकृतीच्या कडेला ताण एकवटतो. म्हणजे महिनोन् महिने राबल्यावरही भांडं हातात तडकू शकतं.

इंग्लंडमधल्या स्टोअरब्रिजजवळच्या काच कोरणाऱ्या जॉन नॉर्थवूडने हे सोसलं. फिलिप पार्गेटरच्या कारखान्यात घडलेल्या दुपदरी भांड्यावर सुमारे तीन वर्षं टोकदार पोलादी अवजारं चालवून त्याने पोर्टलंड फुलदाणीची प्रतिकृती कोरली. काम चालू असतानाच तिला तडा गेला. त्याने ती सांधली आणि १८७६ मध्ये पूर्ण केली. त्याची ही चिकाटी मला थक्क करते.

काच तडकण्यावरून आठवलं, आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात, कारण बांगडी फुटणं नवऱ्याच्या जिवावरचं मानतात. नीट न निववलेल्या बांगडीत ताण अडकून राहतो आणि ती हलक्या धक्क्यानेही तुटते. नवऱ्याच्या आयुष्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ही भीती बायकांच्या मनातून जायलाच हवी.

नॉर्थवूडनंतर थॉमस वेब कंपनीत जॉर्ज आणि थॉमस वुडॉल या भावांनी, तर फ्रान्समधल्या नान्सी गावी एमिल गॅले यांनी ही कला पुढे नेली. कोरण्याचा वेळ वाचवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल आलं. ठेवायचा भाग आम्लाला दाद न देणाऱ्या लेपाने झाकायचा आणि भांडं आम्लात बुडवायचं. उघड्या काचेतल्या सिलिकाशी संयोग होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड बनतं आणि काच झिजत जाते. हे आम्ल कातडीतून आत शिरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोहोचतं. त्या काळच्या कारखान्यांत माणसं त्याच्या वाफेत उभी राहून काम करत.